बारा शिष्यांचा वाकडा अंगठा

मागनुस एबर्ले चित्रकार तसा पट्टीचा. जर्मनीतल्या इलर नदीकाठच्या कितीतरी चर्चची छतं त्याने रंगवली होती. निळं आभाळ, गुलाबी ढग आणि गुबगुबीत देवदूत काढण्यात त्याचा हात धरणारा कोणी नव्हता. पाय मात्र मेले जमत नसत. म्हणून त्याचा प्रत्येक संत घोट्यापर्यंत ढगात बुडालेला असे. लोक त्यालाच त्याची शैली म्हणत आणि हा गंभीरपणे मान डोलवी.

मग गावच्या पाद्रीबाबांनी नव्या छतासाठी विषय दिला: येशू बारा शिष्यांचे पाय धुतो आहे.

"म्हणजे खोलीत?" मागनुसने विचारलं.

"मग काय गोठ्यात? ढग नकोत हं. जमत नसेल तर सांग, टिरोलचा चित्रकार तयार आहे."

टिरोलवाला एकदा या खोऱ्यात शिरला की मागनुसला कुत्रंसुद्धा विचारणार नव्हतं. त्याने होकार दिला.

त्याची बायको क्रेसेन्झ गवंड्याची मुलगी. रोज सकाळी ती छताला ओला गिलावा लावी आणि तो वाळायच्या आत मागनुस रंगवी. चुकलं तर खरवडून काढण्यावाचून इलाज नसे. पहिल्या दिवशी पेत्र या शिष्याचे पाय झाले.

"हे पाय आहेत की सलगम?" म्हणत क्रेसेन्झने ते थापीने खाली पाडले.

दुसऱ्या दिवशीही तेच. तिसऱ्या दिवशी तिने बूट-मोजे काढले आणि परांचीवर पाय पसरून बसली.

"बघ नीट. आणि पटपट आवर, गारठलेय मी."

भेगाळलेल्या टाचा, चुन्याने खाल्लेली बोटं आणि वाकडा जुळलेला अंगठा.

"हा कधी मोडला गं?"

"मेमिंगेनच्या चर्चमध्ये. तुझी परांची उतरवताना. तू वर बघत होतास."

मागनुसला स्वतःची लाज वाटली. त्याने कुंचला उचलला आणि बाराही शिष्यांना तेच पाय दिले.

रविवारी सगळं गाव माना वर करून बघत होतं. पहिली हसली ती बेकरीवाली. "अगं बाई, सगळ्यांचा अंगठा वाकडा."

पाद्रीबाबा लालबुंद झाले. "हे बाईचे पाय आहेत, मागनुस. खरवड ते."

"चेहरे सांगाल तसे बदलतो, बाबा. पाय राहतील. हवं तर टिरोलवाल्याला बोलवा."

"राहू द्या की," बेकरीवाली म्हणाली. आता ती हसत नव्हती. "असले पाय कोणीतरी धुतंय, बघायला बरं वाटतं."

मागून आणखी बायकांनी री ओढली. पाद्रीबाबांनी पुन्हा एकदा वर पाहिलं आणि निमूटपणे प्रार्थना सुरू केली.

शेवटच्या बाकावर क्रेसेन्झने पाय घागऱ्याखाली ओढून घेतले होते. मग हळूच बाहेर काढले आणि ऐसपैस पसरून बसली.