शंभर चिंचोके

भेस्तानच्या आमच्या लॅबमध्ये शंभरवाले काका मायक्रोस्कोपशेजारी दोन वाट्या ठेवायचे. एकीत मोजून शंभर चिंचोके, दुसरी रिकामी. काचेवरच्या रक्तात मलेरियाचे जंतू शोधताना उजव्या हाताने काच जरा सरकवायची आणि दर वेळी डाव्या हाताने एक चिंचोका दुसऱ्या वाटीत टाकायचा. जंतू दिसला तर तिथेच काम संपलं. पण पहिली वाटी रिकामी झाल्याशिवाय हा माणूस ‘निगेटिव्ह’ लिहायचा नाही.

नव्वदच्या दशकात मी त्यांच्या हाताखाली लागले तेव्हा स्वतःला फार शहाणी समजायची. पहिल्याच दिवशी थेट शंभरपट मोठं दाखवणारं भिंग लावलं आणि दोन मिनिटांत म्हणाले, “काही नाही काका, स्वच्छ आहे.” त्यांनी मला उठवलं. दहाचं भिंग लावून म्हणाले, “बघ, हे गाव.” मग शंभराचं लावलं. “आणि ही गावातली एक खोली. एका खोलीत डोकावून गावात चोर नाही म्हणतेस? पोरी, जेवढं मोठं दिसतं ना, तेवढं थोडं दिसतं. मग फिरावं लागतं. फीर!” कान लाल झाले माझे, पण फिरले.

कापड कारखान्यांत लूमवर राबणारी माणसं जेवणाच्या सुट्टीत रिपोर्टला यायची. “जल्दी करो ने, काका!” काका मान वर न करता मराठी-गुजराती मिसळून म्हणायचे, “थोभो भाई, अजून तीस बाकी छे.” लोक चरफडायचे. मीही चरफडायची, खोटं कशाला बोलू?

चिंचोके काकूंनी माहेरून, धुळ्याकडून आणलेले. दुपारी डबा घेऊन आल्या की आधी वाटीत डोकावायच्या आणि अहिराणीत विचारायच्या, “बठ्ठा शेतस ना?” सगळे आहेत ना? एखादा हरवला असला की दुसऱ्या दिवशी पदराच्या गाठीतून नवा निघायचा.

त्या वर्षी पुराचं पाणी ओसरलं आणि खोलीखोलीत ताप शिरला. एका दुपारी डबा ठेवता ठेवता काकू म्हणाल्या, “मनं डोकं लई दुखी राहिनं.” अंग तापलेलं होतं. काकांनी लगेच बोटातून रक्त घेतलं, काच रंगवली आणि बसले. दारात ही गर्दी, आरडाओरडा. थोड्या वेळाने उठून हसत म्हणाले, “काही नाही गं, साधा ताप. हिला दरवर्षी येतो.” रिपोर्टवर निगेटिव्ह लिहिलं. डॉक्टरांनी तो बघून तापाची गोळी दिली.

पहिली वाटी अजून अर्ध्याहून जास्त भरलेली होती. मी पाहिलं. पाहिलं आणि गप्प बसले. म्हटलं, काकांना मी काय शिकवणार!

तिसऱ्या दिवशी सकाळी काकूंची शुद्ध हरपली. दवाखान्यात आमचा रिपोर्ट बघून म्हणाले, मलेरिया तर निगेटिव्ह आहे, दुसरं काही असेल. त्यांच्या तपासणीचा रिपोर्ट संध्याकाळी येणार होता. काका धापा टाकत लॅबमध्ये आले, तीच काच शोधून भिंगाखाली घातली आणि बसले ते बसलेच. एकाच जागी डोळा लावून.

“काका, सरकवा ना!”

“काच सरकवायला हात धजत नाही गं. तू बस. देवा, आता तरी दिसू दे!”

मी बसले. काच मी सरकवत होते, चिंचोके ते टाकत होते. चाळीस झाले. पन्नास. माझ्या डोळ्यांत पाणी आलं की सगळं धूसर व्हायचं, पुसून पुन्हा बघायची. सदुसष्टाव्या जागी मलेरियाच्या जंतूची बारीक अंगठी दिसली.

“काका, आहे.”

रिपोर्ट घेऊन ते अनवाणीच धावले. इंजेक्शनं तासाभरात सुरू झाली. दुसऱ्या दिवशी दुपारी, डब्याच्या वेळेला, काकू गेल्या.

काका पुन्हा भिंगापाशी बसले नाहीत. माझी चूक मी त्यांच्यापाशी कबूल केली तेव्हा फक्त म्हणाले, “बोलायचं होतंस, पोरी.” गावी निघताना ती काच कागदात गुंडाळून माझ्या हातात दिली. “नवं कोणी आलं की पहिल्या दिवशी हीच दे. कोणाची ते सांगू नको.”

अजून देते. रंग फिका झालाय, पण नीट शोधलं तर सापडतं. थोड्या वेळात आवाज येतोच, “काही नाही मॅडम, निगेटिव्ह.” मी उठून आधी वाटी बघते. मग त्या दुपारी जे तोंडातून निघालं नाही ते बोलते, “वाटी रिकामी झाली नाही. पुन्हा बस.”