कुंदाचे शेरे

मला कुंदाचा हेवा वाटायचा. आडून आडून सांगण्यात काय अर्थ आहे? सव्वीस वर्षं तिच्या शेजारच्या टेबलावर बसून मी जळले, आणि तिला ते कळतं की नाही, हे मला परवापर्यंत माहीत नव्हतं.

मुलुंडला पाच रस्त्याजवळ आमचं विजेच्या सामानाचं होलसेल दुकान आहे. आमचं म्हणजे शेठचं. वायर, स्विच, पंखे, गीझर. माल घेणारे छोटे दुकानदार आणि वायरमन, पार कांदिवली-जोगेश्वरीपर्यंतचे. बिलं मी बघायची. कुणाला किती माल उधार सोडायचा, किती दिवसांच्या मुदतीवर, ते कुंदा ठरवायची. मी बी.कॉम., फर्स्ट क्लास. ती दहावी, तीही दुसऱ्या खेपेला. पण केबिनमधून शेठची हाक यायची ती "कुंदाऽऽ" अशीच. चुकून कधी "कमल" आली तर ती चहावाल्याचे पैसे द्यायला.

तिचे वडील गिरणीत होते. गिरणी बंद पडल्यावर ते मालवणला परत गेले नाहीत, घाटकोपरच्या एका खोलीत राहिले आणि सोसायटीत वॉचमनकी केली. कुंदा एकोणिसाव्या वर्षी आमच्याकडे बिलं लिहायला लागली. दोन धाकट्या भावांची लग्नं तिने केली, स्वतःचं राहून गेलं. शेठला वास चालत नाही म्हणून दुपारी ती दुकानामागच्या गोडाऊनच्या पायरीवर बसून भाकरी आणि सुकटीची चटणी खायची. तिथेही तिच्याभोवती दोन-तीन वायरमन गप्पा मारत उभे असायचे. मी आपली आत एसीत, पोळी-भाजी घेऊन एकटी.

माणसं ओळखायची तिची पद्धत कुठल्या पुस्तकात नाही. दुकानात शिरल्या शिरल्या कुणी धंदा मंदा असल्याची रड सुरू केली, की ती निम्माच माल सोडायची. कुणी मान खाली घालून गप्प उभा राहिला, तर त्याला पाणी द्यायची आणि मागेल तेवढा द्यायची. दशरथ म्हणून भांडुपचा एक वायरमन आहे. तो तीन महिने फिरकला नाही तेव्हा मी म्हटलं, गेले पैसे. तो उगवला तेव्हा ही ओरडली, "मेल्या, खंय होतंस इतके दिवस?" आणि त्याने आधी पैसे मोजले, मग पायाला लागलेलं दाखवलं. मला असा राग आला! पैसे आल्याचा राग येणारी बाई मी, बघा.

आमच्या जुन्या सॉफ्टवेअरमध्ये शेरा लिहायला जागा नव्हती. म्हणून कुंदा गिऱ्हाइकाच्या नावापुढेच शेरा लिहून ठेवायची. "नितेश रडका." "बाळ बायको हो म्हणाली तर." "देवव्रत सोमवारी टोपी", म्हणजे सोमवारी आला तर टोपी घालणार. "दशरथ गणपतीनंतर", कारण तो भाद्रपदात गावी जाऊन आल्याशिवाय कुणाचे पैसे देत नाही. बिलावर दुकानाचं नाव छापलं जायचं. माणसाच्या नावाचा तो रकाना आम्हा दोघींशिवाय कुणी उघडत नसे.

गेल्या वर्षी शेठचा मुलगा धवल धंद्यात आला आणि त्याने एजंट आणला. माणूस नव्हे, एआयवाला एजंट. आधी शेठनी व्यापारी उधारीच्या एका कंपनीशी करार केला. दुकानदाराने आज माल उचलायचा, कंपनी आम्हाला दुसऱ्या दिवशी पैसे देणार, आणि दुकानदार पंचेचाळीस दिवसांनी कंपनीला. मग धवलने एजंट त्या कंपनीच्या सिस्टिमला जोडायला घेतला. तो व्हॉट्सअ‍ॅपवर ऑर्डर घेणार, उधारीची मर्यादा बघणार, स्वतःच निरोप पाठवणार, आणि जिथे शंका येईल तिथे एका माणसाच्या फोनवर विचारणार, मंजूर करू का?

एका माणसाच्या. धवलने आम्हा दोघींना समोर बसवून सांगितलं, "मुलुंडला आता एकच जण लागेल. दुसऱ्या ताईंना भिवंडीच्या गोडाऊनला जावं लागेल. महिनाभरात ठरवतो."

माझं घर दुकानापासून सात मिनिटांवर, आणि गुडघे असे की भिवंडीच्या बसची पायरी बघूनच रडू यावं. पण तेवढंच असतं तर मी देवाला नवस बोलून गप्प बसले असते. झालं काय, की एजंटला शिकवायला धवल रोज कुंदाला घेऊन बसू लागला. "कुंदाताई, अशा वेळी तुम्ही काय करता? तशा वेळी?" आणि ही हसत हसत सांगायची. ती बोलेल ते तो टाइप करून घ्यायचा! सव्वीस वर्षांत माझं एक वाक्य कुणी लिहून घेतलं नव्हतं. कोण राहणार ते उघडच होतं.

जोडणीच्या आदल्या दिवशी धवलने गिऱ्हाइकांची यादी मला दिली. म्हणाला, "कमलताई, एकदा तपासा आणि 'बरोबर' दाबा. उद्या अकराला सगळ्यांना पहिला निरोप जाईल."

मी यादी उघडली आणि मला दिसलं. शेरे सगळे नावातच होते. निरोप त्याच नावाने जाणार होता. कुंदाला वाटत होतं, एजंट फक्त दुकानाचं नाव घेतो. तिला हाक मारायची, बस्. ती चार हातांवर बसली होती.

माझा भाऊ अनिरुद्ध, त्याचं बोरिवलीला छोटं दुकान आहे. त्याच्या नावापुढे तिने "थापाड्या" लिहिलं होतं. खरं आहे ते, म्हणून जास्त झोंबलं. मी तेवढा एक शब्द पुसला. बाकी काही पुसलं नाही. "बरोबर" दाबलं आणि घरी जाऊन वरण-भात लावला.

दुसऱ्या दिवशी अकरा वाजून दोन मिनिटांनी दुकानातले सगळे फोन एकदम वाजू लागले. "नमस्कार नितेश रडका जी, आपल्याला आता उधारीची नवी सोय मिळाली आहे." "नमस्कार बाळ बायको हो म्हणाली तर जी." दोनशे अकरा लोकांना! नितेश रिक्षा करून भांडायला आला. कुंदा काउंटरच्या बाहेर येऊन त्याच्यासमोर हात जोडून उभी राहिली. "चुकले रे बाबा. माझीच अक्षरं ती." तेवढ्यात दशरथ आला, फोन नाचवत. "खोटा काय लिवलंस गो? गणपतीनंतरच देतंय मी!" तो हसला, मग नितेशही हसला. मी वाट लावली आणि हिच्याभोवती पुन्हा मेळा जमला. कप्पाळ माझं!

मग माझा फोन वाजला. गेल्या वर्षी मी स्टाफ म्हणून मिक्सर उधार घेतला होता, त्यामुळे यादीत अगदी शेवटी मीही होते. तिथवर मी वाचलंच नव्हतं.

"नमस्कार कमल न विचारता द्या जी."

मी तो निरोप बघत राहिले. नंतर पूर्ण यादी काढून पाहिली. दोनशे अकरांत हा शेरा दुसऱ्या कुणालाही नव्हता.

तेव्हा तरी बोलायला हवं होतं. देवव्रत मात्र हसला नाही. तो आमचं सगळ्यांत मोठं गिऱ्हाईक. त्याने माल बंद केला आणि शेठ केबिनमधून बाहेर आले. धवलने मला विचारलं, "तुम्ही तपासली होती ना?" मी म्हटलं, "मला वाटलं फक्त आकडे बघायचेत." कुंदा तिथेच होती. तिने माझ्याकडे पाहिलं. सोमवारपासून ती भिवंडीला जाऊ लागली.

मला हवं ते मिळालं. फोन माझ्या हातात आला. पण धवल हुशार आहे, त्याने तिचे शेरे फेकले नाहीत, वेगळ्या रकान्यात टाकले, आणि एजंट त्यांच्यावरच चालतो. दशरथची ऑर्डर आली की तो मला सांगतो, "शेरा: गणपतीनंतर. मुदत वाढवावी का?" मी "हो" दाबते. दरवेळी तिचंच बरोबर निघतं. गिऱ्हाइकं एजंटला विचारतात, कुंदाताई कुठे आहेत? भिवंडीला बसूनही ती माझ्या टेबलावर आहे, आणि खरं सांगते, मला अजून हेवा वाटतो.

परवा घरचा गीझर बिघडला. मी एजंटकडे नवा मागितला, तीन हप्त्यांत. सवयीने मंजुरीची वाट बघत फोन हातात धरून बसले. त्याने विचारलंच नाही. "मंजूर. शेरा: न विचारता द्या."

मी मागच्या गोडाऊनकडे गेले, कुंदाच्या त्या पायरीवर बसले आणि कुंदाला फोन लावला. मागे ट्रक रिव्हर्स घेत असल्याचा आवाज येत होता.

"कुंदा, ती यादी. मी बघितली होती गं. नावातले शेरे बघितले होते."

"माहीत आहे."

"कसं?"

"सगळ्यांना शेऱ्यासकट निरोप गेला. तुझ्या अनिरुद्धला तेवढं साधं 'नमस्कार अनिरुद्ध जी'. त्यानेच मला दाखवला, कौतुकाने."

मी विचारलं, "मग माझा शेरा का नाही बदललास? तुला तिकडूनही बदलता येतो."

"कशाला बदलू? तू पैसे बुडवणार नाहीस."

"कुंदा, तसं नाही गं…"

"उधारीपुरता तो शेरा बरोबर आहे, कमल," ती म्हणाली. "चल, माझी गाडी लागली, माल मोजायचाय." आणि तिने फोन ठेवला.