कपाटातल्या सतरा पिशव्या

सांगते, पण एका अटीवर. मध्येच हसायचं नाही! आमच्या घरी आलेल्या पाहुण्यांना चहाच्या आधी हा किस्सा मिळतो, पप्पा देतात, आणि दर वेळी थोडं तिखटमीठ वाढवून देतात. खरा शेवट फक्त मला माहीत आहे. म्हणजे मला आणि आईला. आईचं येईलच पुढे.

आधी माझा स्वभाव ऐका. मी संशयी आहे. भाजीवाल्याने न मागता कोथिंबीर टाकली ना, की मी घरी येईपर्यंत त्या कोथिंबिरीकडे बघत असते. का दिली असेल याने? बारावीनंतर एका दवाखान्यात रिसेप्शनला लागले. मला वाटलं, हा डॉक्टर खरा नाही. का? तर त्यांचं अक्षर वाचता यायचं! तिसऱ्या दिवशी मी त्यांच्याकडे डिग्री मागितली, चौथ्या दिवशी घरी. मग एक पार्लर झालं. तिथे क्रीमच्या डब्यात भलतंच काहीतरी भरतात म्हणून मी गिऱ्हाइकाच्या गालावरचं क्रीम हुंगून पाहिलं. मग कुरिअरचं ऑफिस. ते जाऊच दे.

चौथं हे पाळणाघर. नायगावला आमच्याच बाजूच्या टॉवरमध्ये, तळमजल्यावर. एका प्रशिक्षण केंद्राकडून सहा महिन्यांची अप्रेंटिसशिप होती. सहा महिने शिकाऊ म्हणून मुलं सांभाळायची, केंद्राच्या शुभांगी मॅडम अधूनमधून येऊन बघणार, शेवटी त्यांनी चांगला शेरा दिला तर सर्टिफिकेट आणि तिथेच पक्की नोकरी.

पप्पांनी पहिल्याच दिवशी दम भरला. "मनाली, हे चौथं. इथूनही परत आलीस तर सरळ काकाच्या हार्डवेअरच्या दुकानात बसायचं. काय संशय घ्यायचाय तो खिळ्यांवर घे."

आणि गंमत सांगू? मला ते काम खरंच आवडलं. सतरा मुलं होती. त्यातली ईवा अडीच वर्षांची, कोणाकडे जायची नाही, पण दुसऱ्याच आठवड्यात येऊन माझ्या मांडीवर बसली ती बसलीच. मला "मनाटीचर" म्हणायची. आयुष्यात पहिल्यांदा मला कोणीतरी टीचर म्हटलं होतं. मला हार्डवेअरच्या दुकानात जायचं नव्हतं हो! म्हणूनच ठरवलं होतं, इथे डोळे मिटून काम करायचं.

डोळे मिटून! शब्द लक्षात ठेवा.

पाळणाघर चालवायच्या रेखाताई. मूळच्या वसईच्या, केळीच्या वाडीत वाढलेल्या, आवाज मऊ, कधी चिडायच्या नाहीत. आता मला सांगा, सतरा मुलं दिवसभर अंगावर असताना न चिडणारी बाई तुम्ही पाहिली आहे? मी नव्हती पाहिली. इथेच माझं डोकं खाजलं.

त्यात दुपारची ती झोप. साडेबाराला जेवणं, पावणेएकला गाद्या, आणि एकला सगळी पोरं गाढ! माझ्या मामेभावाला झोपवायला घरातली चार माणसं आणि एक मोबाइल लागतो. इथे सतरा पोरं पंधरा मिनिटांत आडवी? कुठेतरी पाणी मुरत होतं.

पहिला संशय खाण्यावर. ताई घरून वाळक्या पानांत गुंडाळलेलं, काळपट, चिकट असं काहीतरी आणायच्या आणि जेवणानंतर मुलांना एकेक तुकडा द्यायच्या. आम्ही साताऱ्याकडचे, असलं काही कधी पाहिलेलं नाही. म्हटलं, हेच ते! स्वयंपाकघरात कोणी नाही असं बघून चार तुकडे तोंडात कोंबले आणि गुंगी यायची वाट बघत उभी राहिले.

मागून आवाज आला, "भूक लागली काय गं पोरी?"

मंदामावशी. अर्नाळ्याहून यायच्या, जेवण आणि साफसफाई बघायच्या. कंबरेवर हात, नजर थेट माझ्या फुगलेल्या गालांवर.

"मावशी, हे काय असतं?"

"सुकेळी! केली वालवून करतात. चार खाल्लीस ना? आता पानी पी. नायतर पोट धरून बसशील."

गुंगी आली नाही. पोट मात्र संध्याकाळपर्यंत मावशींच्या शब्दाला जागलं.

मग माझं लक्ष गेलं कपाटाकडे. झोपायच्या खोलीत एक लोखंडी कपाट होतं. कुलूपबंद! किल्ली ताईंच्या गळ्यात. गाद्या घातल्या की ताई ते उघडायच्या, आतून प्लास्टिकच्या पिशव्या काढायच्या. प्रत्येक पिशवीवर मुलाचं नाव. पिशवीत एक चुरगळलेला कपडा. तो मुलाच्या हातात दिला की मूल काय करायचं? नाकाला लावायचं, दोनदा हुंगायचं आणि डोळे मिटायचं.

मी तर गार! हुंगलं की झोप? असलं मी फक्त टीव्हीवर पाहिलं होतं, आणि तिथे पुढच्या सीनमध्ये माणूस गोदामात खुर्चीला बांधलेला असतो.

मंदामावशींना खोदून पाहिलं. "मावशी, त्या कपाटात काय असतं हो?"

मावशींचा चेहरा एकदम उतरला. "त्याला हात नाय लावायचा. ताईंचं काम हाय ते."

"पण का?"

"एकदा मी हात लावलेला. पोरांची जी हालत झाली ना त्या दिवशी... संध्याकालपर्यंत पालक दारात उभे. नको बाबा, परत नाव पन काढू नको."

आता तुम्हीच सांगा, याचा अर्थ काय घ्यायचा?

सोमवारी तर कहर झाला. दारात मी मुलांना आत घेत होते. एक आई आली, इकडेतिकडे बघितलं, पर्समधून घडी केलेली पिशवी काढली आणि ताईंच्या हातात सरकवली. हळूच म्हणाली, "ताई, या वेळी दोन दिवसांचा आहे." ताईही हळूच म्हणाल्या, "चालेल, उलट चांगला." तिच्यामागून दुसरी आई, दुसरी पिशवी. अहो, मुलांच्या आयासुद्धा सामील!

मला खरंच रडायला आलं. कारण ताई मला आवडत होत्या, काम आवडत होतं, आणि तोंड उघडलं की चौथी नोकरीही गेलीच. पण ईवा रोज माझ्या शेजारी झोपायची. तिच्या पिशवीत एक पिवळी ओढणी होती. ती नाकाला लावून माझं बोट धरून झोपायची ती. उद्या या पोरीला काही झालं तर? गप्प बसून सर्टिफिकेट घेऊ मी?

नाही बसले गप्प. शुभांगी मॅडमना फोन लावला.

"मॅडम, इथे मुलांना काहीतरी हुंगवून झोपवतात."

मॅडमनी उलट मलाच विचारलं, "मनाली, तू ताईंना विचारलंस का?"

"मॅडम, चोराला कोणी विचारतं का? तुम्ही उद्या दुपारी न सांगता या. पाऊण वाजता. रंगेहाथ पकडू!"

रंगेहाथ. हाही शब्द माझाच बरं का.

रात्रभर डोळ्याला डोळा लागला नाही. पहाटे उठून आईला डब्यात मदत केली, घरभर फेऱ्या मारल्या. आई म्हणाली, "काय झालंय तुला?" म्हटलं, "आज एक टोळी पकडली जाणार आहे." आईने माझ्या कपाळाला हात लावून ताप बघितला.

दुपारी पाऊण झाला, मॅडमचा पत्ता नाही. ताईंनी कपाट उघडलं, पिशव्या वाटल्या. पडदे ओढले. एकेक पोरगं हुंगून आडवं होत होतं आणि मी दाराकडे बघतेय. बारा पन्नास! मॅडम येईपर्यंत सगळी झोपतील, कपडे कपाटात जातील, पुरावा संपेल. मग काय करायचं?

मग मी ठरवलं, पुरावा आपणच व्हायचं.

ईवा झोपली होती. तिला थोपटायचं नाटक करत मी शेजारी आडवी झाले, पिवळ्या ओढणीचं टोक हळूच ओढून घेतलं आणि छाती भरून श्वास घेतला. वास कसला होता म्हणता? पावडर, थोडी फोडणी, थोडा घाम. औषधाचा नव्हताच. म्हटलं, पक्के बदमाश आहेत, वासाचं औषध वासातच लपवलंय! अजून एक मोठा श्वास घेतला. ताई कुठेतरी हळू आवाजात गुणगुणत होत्या. पंखा फिरत होता...

डोळे उघडले तेव्हा माझ्या तोंडावर ओढणी होती, आणि कोणीतरी छोट्याशा हाताने माझ्या कपाळावर थापट्या मारत होतं.

"शूऽऽ. मनाटीचर झोपलीये," ईवा कोणाला तरी दटावत होती.

ओढणी बाजूला केली. समोर मुलांच्या बुटक्या खुर्चीवर शुभांगी मॅडम बसलेल्या, मांडीवर फाइल. बाजूला ताई. दारात मंदामावशी. आणि मॅडमच्या मागे ईवाची आई, मुलीला न्यायला आलेली. घड्याळात तीन चाळीस!

शहाण्या मुलीने इथे गप्प बसायचं की नाही? मी ताडकन उठले आणि ओरडले, "मॅडम, बघितलंत ना! मी फक्त दोनदा हुंगलं आणि तीन तास बेशुद्ध! हाच पुरावा! ही ओढणी जप्त करा!"

मग ईवाची आई संकोचून म्हणाली, "अहो, ती माझी ओढणी आहे."

"तुमची? म्हणजे त्यात औषध..."

"औषध कसलं? रविवारी दिवसभर ड्यूटीवर घातली होती. न धुतलेलीच द्या असं ताई सांगतात. चारचौघांत मळका कपडा द्यायची लाज वाटते हो, म्हणून आम्ही आपल्या गुपचूप देतो."

ताईंनी माझ्याकडे बघितलं. आवाज तसाच मऊ. "मनाली, आईच्या अंगावरचा कपडा असतो तो. आईचा वास आला की मूल शांत होतं. दर सोमवारी नवा मागवते. पहिल्या दिवशी तुला फाइल दिली होती ना? चौथ्या पानावर लिहिलंय."

फाइल! अहो, त्या फाइलच्या प्रत्येक पानाचा मी फोटो काढून ठेवला होता, पुढेमागे पुरावा लागेल म्हणून. वाचलं मात्र एकही पान नव्हतं.

"मग कुलूप कशाला?" माझा शेवटचा, अगदी बारीक आवाजातला प्रश्न.

मंदामावशी दारातून म्हणाल्या, "माझ्यामुलं! एकदा मी ते सगले साबन लावून धुतले. म्हटलं, किती मललेत! त्या दिवशी सतराच्या सतरा पोरांनी जो भोंगा लावलाय! तवापासून किल्ली ताईंच्या गल्यात."

मला जमीन दुभंगावी असं वाटत होतं, पण ईवा माझ्या मांडीवर बसलेली, त्यामुळे तीही सोय नव्हती. मी हात जोडले. "ताई, चुकलं माझं. पण मला उठवलं का नाही हो?"

"झोपलेल्या लेकराला उठवायचं नाही, हा इथला पहिला नियम," ताई म्हणाल्या. "शिवाय मॅडम म्हणाल्या, बघू तरी किती झोपते. मुलांकडे आम्ही तिघी होतो."

मॅडमनी पेन काढलं. माझ्या डोळ्यांसमोर खिळे, स्क्रू, नटबोल्ट सगळं ओळीने उभं राहिलं. माझ्या डोळ्यांतून पाणीच आलं. "मॅडम, मला काढू नका ना."

मॅडम ताईंना म्हणाल्या, "तुम्ही सांगा. ठेवायची का हिला?"

ताईंनी ती पिवळी ओढणी घडी करून पिशवीत ठेवली. मग म्हणाल्या, "मुलाला स्वतःला तक्रार करता येत नाही. त्याच्यासाठी स्वतःची नोकरी पणाला लावणारी मुलगी मला पाहिजे. फक्त आधी मला विचारायचं, मग फोन. आणि कामाच्या वेळी पुन्हा झोपलीस तर मीच काढीन."

मॅडमनी फॉर्मवर शेरा लिहिला. मी उलटं वाचलं, "उमेदवार मुलांशी पूर्णपणे एकरूप होते."

पप्पांच्या गोष्टीत किस्सा इथे संपतो. पण पुढचं ऐका.

दुसऱ्या दिवशी ताईंनी मला झोपेची नोंदवही भरायला दिली. कुठलं मूल कधी झोपलं, कधी उठलं, सगळं त्यात असतं. आदल्या दिवशीचं पान उघडलं. सतरा नावं. आणि अठरावं, ताईंच्या सुबक अक्षरात: "मनाली. १२.५५ ते ३.४०. झोप गाढ. एकदा दचकली, थोपटल्यावर पुन्हा झोपली. शी-सू नाही."

वाचून कानशिलं तापली. पण खरा घाव पुढे होता. शेवटच्या रकान्यात 'पालकांची सही' असं असतं. तिथे सही होती. वळणदार, ओळखीची.

घरी धावतच आले. "आई! तू पाळणाघरात कधी गेलीस?"

आई भाकरी थापत होती. मान वर न करता म्हणाली, "सकाळी. ताईंचा फोन आला होता, सही राहिली म्हणून. आणि हे बघ, सोमवारी माझी ती जुनी निळी साडी घेऊन जा. धुतलेली नाहीये."