छेदी मास्टरची हाजिरी

ही गोष्ट माझ्या बायकोलाही माहीत नाही. एवढा संसार झाला, एकमेकांच्या खोकल्यावरून आजार ओळखतो आम्ही, पण हे नाही सांगितलं. मुलाला तर कळताच कामा नये, कारण त्याच्या लग्नाचा त्यात संबंध आहे — पण ते मागाहून. आधीच सांगितलं तर तुम्ही उठून जाल.

तशी मोठी गोष्ट नाही. कुणाचा जीव घेतला नाही, घर लुबाडलं नाही. दोन वाक्यं आहेत. एक मी बोललो आणि एक बोललो नाही.

मी काशीतला मराठी. मंगला गौरीच्या गल्लीत आमच्या चार पिढ्या गेल्या. घरात मराठी, उंबऱ्याबाहेर हिंदी. मुलांनी तर आता उंबऱ्याच्या आतही हिंदीच सुरू केलीय. शाळेत गणित शिकवायचो, म्हणून सगळ्या मोहल्ल्याचा मी मास्साब. मास्साब खोटं बोलत नाही असं लोक धरून चालतात. कशाच्या जोरावर, कोण जाणे.

किल्लारीला भूकंप झाला, त्या वर्षीची गोष्ट. आमच्यातल्या निम्म्यांनी मराठवाडा नकाशातसुद्धा नीट पाहिला नव्हता. पण पेपरात ते फोटो आले, आणि काय सांगू — आपलंच घर पडल्यासारखं झालं. एरवी गणपतीच्या वर्गणीला तोंड लपवणारी माणसं धावत आली. ठरलं असं की शाळेच्या पटांगणात गाण्याबजावण्याचा कार्यक्रम करायचा, तिकीट लावायचं, आणि जमेल ते तिकडे पाठवायचं. काम चांगलंच होतं. वाईट काम करायला निघालो असतो तर निदान जिभेवर लक्ष तरी ठेवलं असतं.

लखनऊची एक गाणारी ठरली. तिच्या नावावर तिकिटं खपणार होती. तिची बिदागी, गाडीभाडं, हॉटेल, सगळं बिनतक्रार कबूल केलं. मग काका म्हणाले — काका म्हणजे आमच्या कमिटीचे अध्यक्ष — की सुरुवातीचा तासभर आपला एखादा बँड वाजवू दे, लोक जमेपर्यंत. आणि बँडवाले काय, गावचेच आहेत, फुकट येतील. विचारणार कोण, एवढाच प्रश्न होता. मी म्हटलं, ते माझ्यावर सोडा. लष्करच्या भाकऱ्या भाजायची मला हौसच होती, त्यात चारचौघांत वट दाखवायची संधी.

आता तुम्हीच सांगा — मांडववाल्याला कुणी म्हटलं का, की पुण्याचं काम आहे, बांबू फुकट लाव? माईकवाल्याला? नाही ना. मग वाजवणाऱ्यालाच का? त्याला काय लागतं, फुंकायचंच तर आहे, असं वाटतं आपल्याला. हलवायाच्या घरावर तुळशीपत्र म्हणतात ना, तसं. आमच्या कार्यक्रमात खऱ्या हलवायाला पुरीभाजीचे पैसे चोख मिळाले. तुळशीपत्र गेलं छेदी मास्टरच्या घरावर.

छेदी मास्टर गंगेपलीकडच्या रामनगरचा. क्लॅरिनेट वाजवायचा, आणि त्याच्या बँडमध्ये त्याचा धाकटा भाऊ सीताराम आणि दहाबारा जण. बाप लवकर गेला, तेव्हा ह्या भावाला छेदीनेच वाढवलं, ट्रम्पेट त्याच्या हातात दिलं. लगनचे, म्हणजे लग्नसराईचे, थोडे दिवस वाजवायचं आणि वर्षभर त्यावर काढायचं, असा त्यांचा धंदा. मी गेलो तेव्हा सगळे अंगणात बसून लाल कोटांना बटणं लावत होते.

मास्टरने ऐकून घेतलं. किल्लारी कुठे आहे ते विचारलं. मला धड सांगता आलं नाही. सीताराम मधेच म्हणाला की त्या संध्याकाळी एक बारात ठरलेली आहे. मास्टरने त्याला हाताने थांबवलं आणि मला एकच गोष्ट विचारली, "मास्साब, बाकी लोग भी ऐसे ही आ रहे हैं न?"

एवढंच. त्याला फुकट वाजवायची हरकत नव्हती, हे कळतंय ना तुम्हाला? त्याला फक्त एवढं हवं होतं की पंगतीत सगळ्यांना एकच वाढलं जावं.

आणि मी म्हणालो, "हाजिरी समझो, मास्टर."

हे वाक्य काशीबाहेरच्या माणसाला नुसतं वाक्य वाटेल. आमच्याकडे देवळात वर्षातून एकदा शृंगार होतो, देवाला सजवतात, आणि त्या दिवशी गाणारे-वाजवणारे येऊन हाजिरी लावतात. मोठा असो की लहान, तिथे कुणी काही घेत नाही. मागत नाही आणि विचारतही नाही. प्रसाद घ्यायचा, गळ्यातली माळ घ्यायची आणि घरी जायचं. छेदी मास्टर आमच्या मंगला गौरीला दरवर्षी यायचा, चारपाच जणांना घेऊन, वाद्यं नावेत घालून. त्याच्यापुढे हाजिरी शब्द काढला की पुढचा प्रश्न तो विचारणार नाही, हे मला पक्कं ठाऊक होतं. ठाऊक होतं म्हणूनच काढला. उगाच तोंडातून निसटला वगैरे म्हणणार नाही.

त्याने कानाला हात लावला. "हाजिरी है तो फिर बात खतम." आणि भावाकडे वळून म्हणाला की कुणीच घेत नाहीये, मास्साबची जबान आहे. बारात सोडली त्यांनी.

खरं सांगितलं असतं तर? बाई घेणार आहे, तुम्हाला देता येणार नाही, याल का — असं विचारलं असतं तर? मला वाटतं मास्टर आला असता. कदाचित सीताराम कुरकुरला असता. पण मग ते त्यांनी दिलेलं असतं. मी त्यांना देऊच दिलं नाही, परस्पर काढून घेतलं. हे सगळं आता सुचतं. तेव्हा मी सायकलवर शीळ घालत पुलावरून परत आलो होतो.

कार्यक्रम उत्तम झाला. बँड तासभरच ठरलेला, पण बाईंची गाडी उशिरा आली म्हणून जवळजवळ तीन तास वाजला. मास्टरचे ओठ सुजले होते. मला भरून आलं, खरंच आलं. मग मी एक शहाणपणा केला. मास्टरला एकट्याला सहावीच्या वर्गात बोलावलं, दार लोटून घेतलं, त्याच्या अंगावर शाल घातली आणि फळांची पिशवी दिली. त्याच वर्गात, त्याच्या थोडं आधी, बाईंना पाकीट दिलं होतं. बँडवाले व्हरांड्यात बसून कोट उतरवत होते. आधी बाई आत जाऊन आली ते त्यांनी पाहिलं, मग आपला मास्टर आत जाऊन पिशवी घेऊन आला तेही पाहिलं.

पुढचं तुमच्या लक्षात आलंच असेल. बाईंबरोबरचा तबलजी आमच्या गावातलाच. दुसऱ्या दिवशी सीतारामला भेटला आणि सहज बोलून गेला की आम्ही तर बसण्याआधीच घेतलं. फुकट? कुणी सांगितलं फुकट? मग त्याच बंद दाराआड भइयाच्या पिशवीत काय गेलं, असं सीतारामच्या मनात आलं.

त्याच आठवड्यात सकाळी ते माझ्या घरी आले. सीताराम, आणखी दोघे, आणि मागे छेदी मास्टर. माझी शिकवणी चालू होती, पोरं पाढे म्हणत होती, आणि नेमके काकाही जमाखर्च बघायला येऊन बसलेले. सीताराम दारातच उभा राहिला. आवाज चढवला नाही त्याने. म्हणाला, "मास्साब, हमको खाली इतना बता दीजिए कि भइया को कुछ मिला था कि नहीं."

दुसरं वाक्य ते हेच. नहीं मिला. दोन शब्द होते. पण ते बोललो की पुढचा प्रश्न येणार — बाईला मिळालं का? आणि मग, तुम्ही हाजिरी का म्हणालात? पोरांसमोर, काकांसमोर. बायको आत चहा करत होती, तिलाही ऐकू गेलं असतं.

मी म्हणालो, "भाई, देना-लेना सब कमेटी का काम है. उसमें मैं क्या बोलूँ."

आणि खाली मान घालून एका पोराची वही तपासायला घेतली.

सीतारामला जे समजायचं ते तो समजला. मास्साब खोटं बोलत नाही, आणि मास्साब नाही म्हणत नाहीये — म्हणजे मिळालंच होतं. मी वर पाहिलं तेव्हा मास्टर माझ्याकडे बघत होता. त्याला सगळं कळलं होतं. त्याने तोंड उघडलं असतं तर माझी शोभा झाली असती, आणि ती व्हायला हवी होती. पण तो एवढंच म्हणाला, "चलो, मास्साब के लड़कों का हर्जा हो रहा है." चपला घातल्या आणि जिना उतरून गेला. बायकोने चहा बाहेर आणला तेव्हा दारात कुणी नव्हतं.

ते लगन संपायच्या आत बँड फुटला. सीतारामने माणसं घेऊन वेगळा बँड काढला, भावाशी बोलणं टाकलं. एकाच अंगणात दोन चुली झाल्या. मास्टरला कुणी विचारेना. वाजवणाऱ्यांची जात ही, एकदा म्हटलं की हा साथीदारांचं खातो, की संपलं. मी काय केलं? काही नाही. रामनगरला जायचं मनात आणायचो आणि पुलाच्या अलीकडूनच काहीतरी काम आठवायचो. भाजी घेऊन परत यायचो.

मंगला गौरीच्या शृंगाराला मात्र तो आला. एकटा. नावेतून क्लॅरिनेटची पेटी घेऊन उतरला, वाजवलं, प्रसाद घेतला, गेला. आमच्या घरात स्पष्ट ऐकू येत होतं. बायको म्हणाली, अहो, चला की, तुमचा छेदी मास्टर आलाय. मी म्हटलं, डोकं दुखतंय. पुढच्या वर्षीही दुखलं. तिने त्यावर सुंठेचा लेप उगाळून दिला आणि मी तो निमूट लावून घेतला.

आता लग्नाचं.

काही वर्षांनी मुलाचं लग्न ठरलं. बँड मेव्हण्याने ठरवला होता. बारात निघायच्या वेळी मी खाली आलो तर पुढे सीताराम, त्याच लाल कोटात. थोडा जाड झालेला. मला बघून त्याने ट्रम्पेट काखेत धरलं आणि वाकून पाया पडला. मेव्हणा त्याला उरलेले पैसे द्यायला लागला, तर तो मागे सरकला. घेतलेला विसारसुद्धा खिशातून काढून मेव्हण्याच्या हातात ठेवला. मला बाजूला घेऊन हळूच म्हणाला, "आपके घर से नहीं लेंगे, मास्साब. उस दिन लड़कों के सामने आपने भइया का परदा रख लिया. आप सब जानते थे, फिर भी मुँह से नहीं निकाला. ये हमारी तरफ से हाजिरी."

आजूबाजूला पाहुणे होते, पण आमच्याकडे कुणाचं लक्ष नव्हतं. मला बोलायला भरपूर वेळ होता. छेदी मास्टर तेव्हा जिवंत होता, नदीपलीकडे, त्याच अंगणात, ह्या भावाच्या भिंतीला भिंत लावून. अजून दोन शब्दच लागत होते.

मी सीतारामच्या खांद्यावर हात ठेवला आणि म्हणालो, खुश रहो.

त्याचे डोळे भरले. त्याने माणसांना खूण केली आणि बँड सुरू झाला. मेव्हणा लोकांना सांगत सुटला, आमच्या भाऊजींचा मान बघा, बँडवाले पैसे घेईनात. लोक माझ्याकडे कौतुकाने बघत होते. मी फेटा सारखा केला आणि बारातीच्या पुढे चालू लागलो.