पाटीवरचं नाव

बागेत कुणालाही अनोळखी शेंग सापडली की ती माळीबुवांकडे यायची. बुवा ती कानाशी धरून खुळखुळवायचे, नखाने सोलून बी हुंगायचे आणि झाडाचं नाव सांगून मोकळे व्हायचे. बहुतेक वेळा ते बरोबरही असायचं. पण ‘माहीत नाही’ म्हणायला जीभ वळेल तर शपथ! भल्या माणसालाही एखादी खोड असतेच, बुवांची ही होती.

या खोडीपायी एकदा त्यांनी घोळ घातला होता. मोठे साहेब पाहणीला येणार, प्रत्येक झाडाला पाटी हवी, असा हुकूम सुटला. कुंपणाजवळच्या एका झाडाची चपटी, पीळदार शेंग बुवांनी तीनदा खुळखुळवली, पण काही केल्या ओळख पटेना. शेवटी दुसऱ्याच एका झाडाचं नाव रंगवून त्यांनी पाटी ठोकली आणि वेळ मारून नेली. साहेबांनी वर पाठ थोपटली. बावीस वर्षं ती पाटी तिथेच होती.

त्याच झाडाखाली यंदा बुवांच्या पाच वर्षांच्या नातीने बिया चावल्या. दवाखान्यात पोरीला ओकाऱ्या थांबेनात. डॉक्टरीणबाईंनी बागेत फोन लावला, पहारेकऱ्याने पाटी वाचून दाखवली.

"हे झाड विषारी नाही," बाई बुवांच्या लेकीला म्हणाल्या. "औषध देते, घरी घेऊन जा."

लेकीच्या जिवात जीव आला. पण मागोमाग धावत आलेले बुवा पुढे झाले.

"थांबा बाई," ते म्हणाले. "ते नाव खोटं आहे. मीच लिहिलंय. झाड कुठलं, ते मला माहीत नाही."

बाईंनी नातीच्या मुठीतल्या अर्ध्या शेंगेचा फोटो एका वनस्पतिशास्त्राच्या प्राध्यापकांना पाठवला. उत्तर लगेच आलं: बी जहरी आहे. पोट धुवून काढलं, सलाईन लावलं. तीन दिवसांनी पोर घरी आली. त्या तीन दिवसांत लेक बापाशी अक्षर बोलली नाही. बुवांनी जाऊन ती पाटी स्वतःच्या हाताने उपटली.

पुढे महिन्याभराने नात अंगणातून एक शेंग घेऊन आली. "आजोबा, ही कशाची?"

ती तर बुवांनी झोपेतही ओळखली असती. त्यांनी नाव सांगितलं.

आतून लेकीचा आवाज आला, "नक्की ना, बाबा?"

उभ्या आयुष्यात हे त्यांना कुणी विचारलं नव्हतं. बुवांना फार वाईट वाटलं, पण राग आला नाही. त्यांनी शेंग कानाशी धरली.