पेंटरमामांचा शेवटचा बोर्ड

गल्लीच्या तोंडाशी छापील फ्लेक्सचं मशीन आलं आणि पेंटरमामांचं दुकान मागच्या बाजूने रिकामं होत गेलं. आधी पत्र्यांची थप्पी गेली, मग शिडी, मग कारागीर. उरलं काउंटर, टर्पेंटाइनचा वास आणि खिडकीखालची उजेडाची मोकळी जागा. एकट्याच्या कमाईत भाडं निघेना.

त्या जागेवर मामींचा डोळा होता. त्यांच्या शेजारच्या ताई घरीच कपडे अल्टर करून द्यायच्या. पण चौथा मजला चढायला गिऱ्हाईक तयार नव्हतं.

"ताईंना बसू द्या की तिथे. भाडं वाटून घ्या. नाहीतर दुकान जाईल हातचं."

"पोटभाडेकरू ठेवायचा नाही, असं करारात आहे."

"मग मालकांना विचारा."

"विचारलं तर नाही म्हणतील."

"आणि नाही विचारलं तर?"

"तर नाही म्हणायचे राहतील."

ताईंचं मशीन जुन्या चादरीत गुंडाळून, आजारी माणसासारखं, दुकानात आणलं. कोणी विचारलंच, तर ताई म्हणजे मामांची बहीण.

दुकानाला पुन्हा आवाज आला. मशीन चाललं की जमीन थरथरे आणि मामांचा ब्रश हले. म्हणून नाजूक वळण आलं की मामा ओरडत, "वेलांटी!" ताई पाय थांबवत. रेघ पुरी झाली की मामा मान हलवत, मशीन पुन्हा धावे.

मालक म्हातारे, भिडस्त. दर महिन्याला येत, चहा घेत, खिडकीकडे पाठ करून बसत. एकदा काउंटरवर एक पँट ठेवून म्हणाले, "कमरेत सैल झालीय. तुझ्या बहिणीला जमलं तर बघ." आणि उगाच खोकले.

ते गेल्यावर मामा म्हणाले, "फसले बिचारे!"

पण गिऱ्हाइकं चुकायची. रस्त्यावरूनच "अल्टरवाल्या बाई कुठे?" विचारत पुढच्या दुकानात शिरायची. मामांना ते सहन होईना. आयुष्यभर लोकांच्या दारांवर अक्षरं काढली, आणि आपल्याच छपराखाली एक कारागीर बिनपाटीची बसलीय.

"झाकली मूठ राहू द्या हो," मामी म्हणाल्या.

"बोर्ड लहानसाच काढतो. काचेच्या आत लावू."

पण मामांच्या हाताला लहान काढता येत नव्हतं. लाल अक्षरं, पिवळी सावली: 'येथे कपडे अल्टर करून मिळतील'. कितीतरी दिवसांनी हातात मनासारखं काम आलं होतं. रस्त्याच्या पलीकडून वाचता येई. लोक थांबून वाचत. मालकांचा पुतण्याही थांबला, आणि मोबाइल काढून त्याने फोटो घेतला.

दुसऱ्या दिवशी मालक आले. या वेळी खिडकीकडे तोंड करून उभे राहिले.

"सुरेख काढलायस."

मामा खुलले. मालकांचा चेहरा मात्र उतरलेला होता.

"अरे, इथे कोण बसतं ते मी कधी पाहिलंच नाही. म्हाताऱ्याला दिसत नाही, एवढ्यावर भागत होतं. जागेत पुतण्याचा अर्धा वाटा. तो टपूनच होता. आता त्याला मी काय सांगू?"

"आत्ता उतरवतो."

"फोटो वकिलाकडे गेलाय."

"मी यांची बहीण आहे," ताई पुढे होऊन म्हणाल्या.

"हो ग बाई, माहीत आहे मला." मालकांनी मान खाली घातली. "पण बहिणीला पाटी लागत नाही."

मामाही एका वकिलाकडे जाऊन आले. त्याने करार वाचला, नोटिशीसोबतचा फोटो पाहिला आणि म्हणाला, "अक्षर छान आहे हो तुमचं." आणि करार घडी घालून परत दिला.

जागा सोडायच्या दिवशी दारावरचं नाव पुसून द्यायचं ठरलं होतं. मामांनी स्वतःच्याच अक्षरांवर पांढरा हात मारला. खालचा लाल वर आला. दुसरा हात मारला. तरी तांबूस छाया राहिलीच. तिसऱ्यांदा ब्रश बुडवला, तेव्हा पुतण्या म्हणाला, "राहू द्या काका, वर फ्लेक्सच येणार आहे."

ताई आता पुन्हा चौथ्या मजल्यावर शिवतात. मामांचा तो बोर्ड पलंगावर पालथा टाकून त्याच्या सपाट पाठीवर कापड बेततात. फारसं काम येत नाही. पलीकडच्या खोलीत मामा भिंतीकडे तोंड करून पडलेले असतात. मशीनचा आवाज येतो. चालता चालता मध्येच थांबतो, जरा वेळ वाट बघितल्यासारखा. 'वेलांटी!' अशी हाक येत नाही. मग मशीन पुढे चालू लागतं.