आईची लूट

ग्वाल्हेर स्टेशनवर मला पुण्याच्या गाडीत बसवून देताना आई रडली नाही. रडले ते बाबा. पाण्याची बाटली भरून आणतो म्हणून ते नळापाशी गेले आणि बराच वेळ तिथेच तोंड धूत राहिले. आईने खिडकीच्या गजांतून हात आत घालून माझ्या मांडीवरचा पितळी डबा सरळ केला, कडी लागली आहे ना ते चाचपून पाहिलं आणि म्हणाली, "डबा हरवू नको. आणि परत आणशील तेव्हा रिकामा नको आणू."

पोरगी नोकरीसाठी इतक्या लांब निघाली आहे आणि हिला डब्याची पडली आहे! झाशी येईपर्यंत मी फुरंगटून बसले होते. झाशीनंतर भूक लागली तेव्हा डबा उघडला. पुऱ्या, बटाट्याची सुकी भाजी आणि वर कागदाच्या पुडीत तिळागुळाची गजक. पहिला घास घेतला आणि मग मात्र मीही बाटली घेऊन नळ शोधायला निघाले.

तुमच्यापैकी जे अजून तिथेच आहात, ग्वाल्हेरच्या लष्कर भागातल्या त्याच गल्ल्यांत, त्यांना हे वाचून हसू येईल. जे माझ्यासारखे बाहेर पडले, त्यांना येणार नाही. पुण्यात पहिल्या वर्षी मी ऑफिसात 'येते आहे' अशा अर्थी "मी येऊन राहिले आहे" म्हटलं की लोक विचारायचे, "कुठे येऊन राहिलात?" एका बाईंनी तर माझं कौतुक केलं, "हिंदी असून किती छान मराठी बोलता हो!" आणि सुट्टीत घरी गेले की खालच्या मजल्यावरची गुड्डीभाभी म्हणायची, "आ गईं महाराष्ट्र वाली!" आपण ग्वाल्हेरचे मराठी लोक दोन्हीकडे पाहुणेच. पिढ्यान् पिढ्या चाललं आहे, आता काय रडायचं?

पुण्यात मी बऱ्याच गोष्टी शिकले. त्यातली एक म्हणजे नको असलेल्या वस्तू काढून टाकणं. आमच्या सोसायटीत हे फार सोपं आहे. ग्रुपवर फोटो टाकायचा, खाली लिहायचं 'हवे असल्यास घेऊन जावे', आणि वस्तू गेटवर सिक्युरिटीपाशी ठेवायची. संध्याकाळपर्यंत ती गेलेली असते. कुणी नेली, कळत नाही. घेणाऱ्याला संकोच नाही, देणाऱ्याला ताप नाही. मला वाटायचं, जगात सगळीकडे असंच असतं.

बाबा गेल्यावर आई सराफ्याजवळच्या त्या भाड्याच्या घरात एकटी राहिली. दुसरा मजला, उंच पायऱ्या. मागच्या थंडीत ती जिन्यात घसरली. हाड मोडलं नाही, पण धीर मोडला. तिनेच फोनवर सांगितलं, "बेबी, आता मी येते तुझ्याकडे." आमच्या घरी मी पन्नाशी ओलांडली तरी बेबीच आहे. मला इतका आनंद झाला की मी लगेच तिकिटं काढली, आणि मग तिने अट घातली. घर पूर्ण रिकामं झाल्याशिवाय ती निघणार नव्हती. आणि एक चमचासुद्धा कचऱ्यात किंवा भंगारात जाता कामा नये. "ज्याच्या त्याच्या कामी आलं पाहिजे. नाही तर तू जा, मी इथेच बरी."

माझी आई हे नुसतं बोलायला बोलत नाही. म्हणजे तिचं पुण्याला येणं आता त्या घरातल्या डबे, रजया आणि परातींवर येऊन थांबलं होतं. मी संक्रांतीच्या आधी रजा घेऊन ग्वाल्हेरला पोचले. धुक्यामुळे गाडी एवढी उशिरा आली की स्टेशनवरचा चहावालाही घरी जायच्या तयारीत होता. घरी जाऊन कपाटं उघडली आणि माझं अवसान गळालं. तीन माणसांच्या घरात पन्नास पाहुण्यांचं सामान! पण तेव्हा पाहुणे यायचेच की. लग्नाकार्याला मुक्काम टाकून राहायचे, म्हणून रजया. पंगती उठायच्या, म्हणून पराती. सगळ्या भांड्यांवर आईचं नाव घातलेलं.

पहिल्यांदा मी एका संस्थेला फोन लावला. तिकडून प्रश्न आले. कपडे धुले हुए हैं? प्रेस किए हुए? ज़्यादा पुराने तो नहीं? फ्रिज है क्या? फ्रिज आईने घरमालकाला कबूल केला होता. "फिर गाड़ी भेजना मुश्किल है, मैडम." दुसऱ्या एका मंडळाचे लोक लगेच आले, पण येताना बॅनर घेऊन आले. आईला प्रेशर कुकर हातात घेऊन बॅनरसमोर उभं राहायला सांगितलं. आईने एकदा कुकरकडे पाहिलं, एकदा बॅनरकडे. "कुकर देऊन राहिली आहे, काही कप नाही जिंकला मी," असं मला मराठीत म्हणाली आणि त्यांना हिंदीत चहा विचारला. ते चहा पिऊन गेले. कुकर घरातच राहिला.

मग आम्ही रजया टेम्पोत घालून हजीऱ्याकडच्या एका वृद्धाश्रमात गेलो. आईने त्यांतला कापूस नव्याने पिंजून घेतला होता, खोळी धुतल्या होत्या, उसवलेल्या कडा स्वतः शिवल्या होत्या. तिथले व्यवस्थापक हात जोडून म्हणाले, "माताजी, नए कंबल हों तो सिर-आँखों पर. पुरानी रज़ाई हम नहीं रखते." मी भांडायच्या तयारीत होते. त्यांनी कोठीचं दार उघडलं. आत छतापर्यंत ढीग. चेन तुटलेल्या बॅगा, एकेकटे बूट, कॉलर फाटलेले शर्ट, जरी निघालेली कुणाची तरी शेरवानी. आई दारात उभी राहून बघत राहिली. "सत्तर-अस्सी बरस के आदमी को शेरवानी का क्या करना है, माताजी?" ते म्हणाले.

"बरोबर आहे त्यांचं," आई मला म्हणाली. "लोक घर साफ करतात आणि त्याला दान म्हणतात."

आम्ही टेम्पोकडे परत आलो तर तिथे एक म्हातारे गृहस्थ उभे होते, आश्रमातलेच. रजयांवर बाबांची काठी ठेवली होती. ती त्यांनी उचलून जमिनीवर टेकवून पाहिली. "ये किसकी है?" आई पुढे झाली. तिने ती त्यांच्या हातात नीट धरवली, मूठ कशी वळवायची ते दाखवलं. "नीचे रबर नया लगवाया है. फिसलेगी नहीं." त्यांनी अंगणात एक फेरी मारली, मग दुसरी. व्यवस्थापकांनी हसून मान डोलावली. आईने डोळ्यांना पदर लावला. रजया परत आल्या, काठी तिथे राहिली. घरी येताना आई टेम्पोत खूश होती. एवढ्या खटपटीत एकच वस्तू गेली, पण कशी गेली!

तिला खुशी होती, मला तिकिटाची तारीख दिसत होती. मी माझा पुणेरी उपाय काढला. आमच्या गल्लीचा ग्रुप आहे, त्यावर सगळ्या सामानाचे फोटो टाकले आणि खाली लिहिलं, 'पुराना सामान निःशुल्क. जिन्हें ज़रूरत हो, ले जाएँ.'

कुणी आलं नाही. दुसऱ्या दिवशी जिन्यात गुड्डीभाभीने माझ्याकडे पाहून तोंड फिरवलं. मी लहान असल्यापासून जिच्या घरी मी पराठे खाल्ले, ती! मोहितेकाकू समोरच्या घरात राहतात, आईच्या मैत्रीण. त्या काठी टेकत वर आल्या आणि मला म्हणाल्या, "काय गं हे? गल्लीला भिकारी करून टाकलं तू." आमच्या घरी काम करणाऱ्या कमलाने भांडी घासता घासता सांगितलं, "दीदी, अम्मा हाथ से देतीं तो ले लेती. ऐसे मोबाइल में लिखोगी तो कौन आएगा?"

मी तशीच पायरीवर बसले. पुण्यात जे सभ्य असतं ते ग्वाल्हेरात उद्धट ठरतं, हे मला इतक्या वर्षांत कुणी शिकवलं नव्हतं. तिथे घेणाऱ्याचं तोंड दिसत नाही म्हणून चालतं. इथे देणाऱ्याने तोंड लपवलं म्हणून बिनसलं. आई मटार सोलत होती. म्हणाली, "संक्रांत येऊनच राहिली आहे. लूट करू."

ज्यांना ठाऊक नसेल त्यांच्यासाठी सांगते. संक्रांतीनंतरच्या हळदीकुंकवाला आपल्या बायका एकमेकींना वाण देतात, वाटी, डबी, रुमाल असं काहीतरी. त्याला आपण वाण लुटणं म्हणतो. सगळी गल्ली त्याला नुसतं 'लूट' म्हणते, कारण आईकडे मराठी बायकांच्या दुप्पट हिंदी बायका यायच्या. लुटीत कुणी गरजू नसतं. बोलावलं की जायचं, तिळगूळ खायचा, मिळेल ते मिरवत घरी न्यायचं. नको म्हणणं हा अपमान. बाबा गेल्यावर आईने हळदीकुंकू बंद केलं होतं. "पण वाण नवं लागतं ना गं?" मी विचारलं. आई म्हणाली, "असू दे. कुंकू तू लाव. लूट माझी."

मग ती स्वतः, माझा हात धरून, घरोघर बोलावणं करायला गेली. गुड्डीभाभीकडे पहिल्यांदा.

त्या दुपारी आमच्या गच्चीवर ऊन होतं आणि पाय ठेवायला जागा नव्हती. सतरंजीवर सगळं मांडलेलं, चकचकीत घासून. आई खुर्चीवर बसली होती आणि लिलाव करावा तसं नाव घेऊन एकेकीला पुढे बोलावत होती. "गुड्डी, ये डिब्बे तेरे. तू ही तो कहती थी, अम्मा के डिब्बे में बेसन के लड्डू नरम रहते हैं." मोहितेकाकूंना पुरणयंत्र. शाळेत शिकवणाऱ्या एका सुनेला बाबांचं टेबल, कारण ती स्वयंपाकघरात वह्या तपासते हे आईला माहीत होतं. कमला आधी मागेच उभी राहिली. आईने दोन रजया तिच्या हातात दिल्या तर म्हणाली, "अम्मा, मेरा तो एक ही कमरा है." आई म्हणाली, "इसीलिए दो. एक बिछाना, एक ओढ़ना." सगळ्या हसल्या, कमलाही. फोटोसुद्धा निघाले, पण बॅनरशिवाय. कुकरचा प्रश्न आला तेव्हा दोघींनी एकदम हात घातला, आणि जिला मिळाला नाही ती खरंच रुसली. जो कुकर बॅनरवाले मागेच सोडून गेले होते, त्याच्यावरून रुसवा! संध्याकाळी घरात आमच्या दोन बॅगा, दोन गाद्या आणि देव एवढंच उरलं. आई रिकाम्या भिंतीकडे बघत म्हणाली, "आता झोप येईल मला."

निघायच्या सकाळी दारावर थाप पडली. गुड्डीभाभी होती, हातात आईचाच डबा, नाव वर दिसत होतं. आत लाडू. तिच्या मागे मोहितेकाकू, गूळपोळ्या घेऊन. मग आणखी कुणी पुऱ्या, कुणी लोणचं, कुणी गजक. सगळं आईच्याच डब्यांत. जे देता देता आमच्या नाकी नऊ आले होते, ते पुन्हा दारात येऊन उभं राहिलं होतं. बॅगेत टाचणी ठेवायला जागा नव्हती. आई कासावीस झाली. "अरी गुड्डी, दिया था तुझे! वापस क्यों ला रही है?"

"वापस कौन ला रहा है, अम्मा?" गुड्डीभाभीने डबा आईच्या मांडीवर ठेवून कडी चाचपून पाहिली. "खाना आपका, डिब्बा हमारा. लौटाना पड़ेगा. और आपके यहाँ तो खाली डिब्बा लौटाते नहीं."

आई, जी मला निरोप देताना रडली नव्हती, ती तिच्या गळ्यात पडून हमसून रडली. मला पाण्याची बाटली घेऊन कुठेतरी जायचं होतं, पण घरात बाटलीही उरली नव्हती.

आता ते डबे माझ्या पुण्याच्या ओट्यावर उपडे आहेत, घासून पुसून. सोसायटीच्या डोनेशन ड्राइव्हला आई दानाच्या पेटीत आलेले शर्ट काढून त्यांना बटणं लावत बसते आणि सिक्युरिटीच्या माणसाला कुणाला काय गेलं ते विचारून भंडावते. तिला इथे करमतं आहे. पूर्वी कुणी विचारलं की घर कुठलं, तर मला उत्तर जुळवावं लागायचं. ग्वाल्हेरातलं घर आता दुसऱ्याचं झालं, तिथे माझा एक खिळाही नाही. तरी त्या गल्लीचं देणं माझ्या ओट्यावर आहे, आणि ते फेडायला जावंच लागणार आहे, याइतकं सुख मला कुठल्याच वस्तूने दिलेलं नाही.

काल आईने विचारलं, "बेबी, होळीच्या सुमारास तिकिटं मिळतील का?" मी म्हटलं, बघते. मग ती डब्यांकडे बघत म्हणाली, "गुड्डीला चितळ्यांपेक्षा घरची बाकरवडी आवडेल. बेसन आणून ठेव."